नाश्ता धरून

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर निरोप टाकला : 'येत्या रविवारी हुरडा पार्टी. माणशी नऊशे रुपये. गावाकडचा अस्सल अनुभव.' ज्या ग्रुपवर 'उद्या पाणी येणार नाही' हे कळवलं तरी चार तास कोणी ढुंकून बघत नाही, तिथं मिनिटाच्या आत प्रश्न आला, 'नाश्ता धरून का?' पाठोपाठ दुसरा, 'बस धरून का?' तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, 'आमचे हे हुरडा खात नाहीत, तर त्यांचा हुरडा वजा करून का?' अनुभव कसला, अस्सल म्हणजे किती अस्सल, हे मात्र कोणीही विचारलं नाही.

मराठी माणसाचं सगळं पर्यटन या 'धरून'वर उभं आहे. आपल्या दृष्टीनं काश्मीर म्हणजे 'सहा रात्री, शिकारा धरून'. काशी म्हणजे 'गंगेची आरती धरून, पिंडदान वेगळं'. आणि युरोप म्हणजे 'चौदा दिवस, एक दिवस पुरणपोळी धरून'. आल्प्सच्या पायथ्याशी बसून जो माणूस तुपाची वाटी पुढं करतो, त्याला आल्प्स दिसला नाही असं म्हणता येत नाही. तो धरलेलाच होता.

ही सवय आपल्याला इंग्रजांनी लावली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थानं लेस्टर गावाहून लफबरोला रेल्वेनं सुमारे ५०० माणसं नेली, माणशी एक शिलिंग, जाऊन-येऊन. 'चहा धरून का?' हे तेव्हाही कोणीतरी विचारलं असणारच. ती सगळी मंडळी चालली होती दारूबंदीच्या मेळाव्याला. त्या एका शिलिंगातून पुढं जगभराचा जो धंदा उभा राहिला, त्याच्या आजच्या जाहिरातींत पहिली ओळ असते : 'वेलकम ड्रिंक धरून.'

तर आम्ही त्रेपन्न जण रविवारी सकाळी सातला निघणार होतो, ते सव्वाआठला निघालो आणि नगर रस्त्याच्या रहदारीत शिरलो. हा एक तासाचा अनुभव पॅकेजमध्ये धरलेला नव्हता, तो आम्हाला फुकट मिळाला.

केंद्राच्या कमानीवर 'चला गावाकडे' असं लिहिलं होतं. कमानीखाली टेबल. टेबलामागं एक मुलगी हातात पट्ट्या बांधत होती. मोठ्यांना भगवी, लहानांना हिरवी. लहान कोण, हे वयावरून नव्हे तर उंचीवरून ठरत होतं. खांबावर चार फुटांची खूण होती आणि मुलांचे आईबाप त्यांना 'जरा वाक की' म्हणत होते. एरवी हेच आईबाप पोराची उंची वाढावी म्हणून त्याला दारातल्या दांडीला लोंबकळत ठेवतात. पट्टी बांधून झाली की कपाळाला गंध, आणि पुरुषांच्या डोक्यावर गांधी टोपी. टोपीबरोबर सूचना : 'जाताना टोपलीत टाका.' मला मनाली आठवली. रोहतांगच्या वाटेवर बर्फात घालायचे कोट आणि गमबूट भाड्यानं मिळतात. महाराष्ट्रातल्या हजारो घरांच्या शोकेसमध्ये नवरा-बायकोचा जो बर्फातला फोटो असतो, त्यातली माणसं वेगळी आणि कोट बहुधा तोच असतो.

आत शिरल्यावर समोर पार. पारावर वड. वडाखाली एक म्हातारा, धोतर-बंडी-टोपी, शेजारी पानाचा डबा, हातात कालचं वर्तमानपत्र. आमच्याकडं बघून त्यानं हात वर केला आणि म्हणाला, 'या पाव्हनं, कंच्या गावचं?' आमच्या सेक्रेटरींचे डोळे भरून आले. 'कोथरूड,' ते म्हणाले. म्हातारा म्हणाला, 'लांबून आला की वो!' मला वाटलं, नऊशे रुपये इथंच वसूल झाले.

नाश्त्याला मिसळ, पोहे, उप्पीट आणि जैन पोहे होते. तो उरकेपर्यंत वासुदेव आला. मोरपिसांची टोपी, पायघोळ अंगरखा, टाळ-चिपळ्या, सगळं जागच्या जागी. पहाटेच्या रामप्रहरी दारात येऊन झोपलेल्यांना जागं करणं हे वासुदेवाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. हा पावणेअकराला आला, पण आमच्यातले निम्मे बसमध्ये झोपून आले होते, त्यामुळं प्रसंग अगदीच विजोड वाटला नाही. गाणं संपल्यावर त्यानं काखेतून एक फळी काढली. तिच्यावर क्यूआर कोड होता. 'दान पावलं' हे आता वासुदेव नाही, त्याच्या कमरेचा स्पीकर सांगतो.

मग बैलगाडी. गाडी विहिरीला वळसा घालून जिथून निघते तिथंच येते. अंतर साधारण आमच्या सोसायटीच्या गेटापासून दूध केंद्राइतकं. अर्ध्या वाटेवर केंद्राच्या नावाचा फलक आहे. तिथं बैल आपणहून थांबले. गाडीवानानं कासरा ओढला नाही, हाक दिली नाही. बैल थांबले, मान किंचित डावीकडं वळवली, फोटो होईपर्यंत तसेच राहिले, आणि 'झाला का?' अशा चेहऱ्यानं पुन्हा चालू लागले. इतका समजूतदार सहकारी मला नोकरीच्या चौतीस वर्षांत भेटला नाही. गाडीवानाला विचारलं, 'शेतात जुंपता का यांना?' धोतराच्या आत जीन्स घातलेला तो मुलगा म्हणाला, 'छे हो, शेताला ट्रॅक्टर आहे. हे फक्त पर्यटनाला.' बैल सोमवार ते शुक्रवार सुट्टीवर असतात. बेंदूर, पोळा वेगळा.

पुढं जातं होतं. पाटी : 'जात्यावर दळण : अनुभव घ्या.' आमच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. एकीनं खुंटा धरायचा, दुसरीनं मूठ टाकल्यासारखं करायचं, तिसरीनं फोटो काढायचा. माझ्या आजीनं जन्मभर पहाटे चारला उठून दळलं, आणि गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी गिरणीला नारळ फोडून आली. तिला आज कोणी सांगितलं असतं की, तुझी नातसून नऊशे रुपये भरून दळायला जाते, तर तिनं आधी नातवाची चौकशी केली असती. सकाळपासून जात्यात तेच पाव किलो जोंधळे फिरत होते.

खरी गंमत गोफणीपाशी झाली. 'गोफण चालवा : पाच दगड वीस रुपये.' हे मात्र धरलेलं नव्हतं, वेगळं होतं. आणि इथं मला माझ्या मामाचं गाव आठवलं. करमाळ्याकडं त्याची ज्वारी असायची. दाणा चिकात आला की पाखरांची झुंबड उडे. शेतात माळा बांधलेला असे. त्यावर दिवसभर उभं राहून गोफण मारायची, 'हाऽऽऽ होऽऽऽ' ओरडायचं. हे काम कोणालाच नको असे. मामा पोरांना लालूच दाखवी, बोरं देई, शेवटी कानाला धरून माळ्यावर चढवी. आज मी खिशातून वीस रुपये काढले, पाच दगड मारले आणि एकही पाखरू उडालं नाही. पाखरांनाही बहुधा कळलं होतं की, हे फक्त पर्यटनाला.

पर्यटनाचा सगळा कारखाना माझ्यापुढं त्या क्षणी उलगडला. जे काम करवून घ्यायला पूर्वी मजुरी द्यावी लागे, तेच काम करायला माणसं पैसे देऊन येतात. फक्त ते कामाचं राहिलेलं नसलं पाहिजे. केरळात आलप्पुळ्याच्या खाडीत केट्टुवल्लम नावाच्या मोठ्या नावा भात वाहत असत. रस्ते झाले, ट्रक आले, नावा रिकाम्या झाल्या. मग त्यांत पलंग टाकून माणसं वाहायला लागले. भाताला एसी लागत नव्हता, एवढाच फरक. माथेरानला तर त्याहून पुढची मजल. तिथं मोटारींना बंदी आहे, म्हणजे मोटार नसणं हीच विकायची वस्तू. आपण मोटारीतून दस्तुरी नाक्यापर्यंत जातो, मोटार तिथं पार्क करायचे पैसे देतो आणि मग मोटार नसल्याचा आनंद घ्यायला घोडा भाड्यानं घेतो.

हुरडा मात्र खरा होता. त्याला पर्याय नसतो. जमिनीत खड्डा, त्यात पेटवलेल्या गोवऱ्या, वर राख. ती आगटी. कोवळी कणसं तिच्यात खुपसायची, भाजली की काढून हातावर चोळायची. आगटीशी बसलेल्या आजी तापलेल्या कणसाला असा हात घालत होत्या, जसा आपण फ्रीजमध्ये घालतो. हिरवेगार दाणे ताटात पडत. सोबत शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस. पहिला घास घेतला आणि आमची सोसायटी स्थापनेपासून पहिल्यांदा एकमतानं गप्प झाली. नंतर बोलणं सुरू झालं ते 'आमच्या लहानपणी' या शब्दांनी. जन्मापासून सदाशिव पेठ न सोडलेले एक गृहस्थ सांगत होते की, त्यांच्या लहानपणी हुरडा जास्त गोड असे.

आजींना मी विचारलं, 'थोडा बांधून देता का घरी न्यायला?' त्या म्हणाल्या, 'बांधून काय करता? गाडीत बसंस्तोवर गार होईल. गार हुरडा म्हंजी रबर.' पर्यटनशास्त्राच्या पदवीला जे पहिल्या वर्षी शिकवतात, ते आजींनी एका वाक्यात सांगितलं. हा माल साठवता येत नाही. तो गिऱ्हाइकाकडं नेता येत नाही, गिऱ्हाइकालाच मालाकडं आणावं लागतं. आणि आजची रिकामी खोली किंवा रिकामी खुर्ची उद्या विकता येत नाही. ती गार झालेल्या हुरड्यासारखी वाया जाते.

जेवणात पिठलं, भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, मासवडी, रस्सा, इंद्रायणीचा भात, जिलेबी. लहानांसाठी पनीर. कारण गावाकडचा अस्सल अनुभव घेताना मुलांचे हाल होता कामा नयेत. समोर चुलीवर दोन बायका भाकरी थापत होत्या. त्रेपन्न माणसं आमची, शिवाय हडपसर, चिंचवड आणि एका आयटी कंपनीच्या बसा आलेल्या. दोन चुली आणि शेकडो भाकरी, हे गणित मला सुटेना. हात धुवायच्या निमित्तानं मी मांडवाच्या मागं गेलो.

मांडवाच्या मागं पत्र्याची शेड होती आणि तिथं खरं गाव होतं. गॅसच्या मोठ्या शेगड्यांवर आठ बायका भाकऱ्या भाजत होत्या. एक कपडे धुण्याचं यंत्र फिरत होतं, त्यात गांधी टोप्या. वासुदेव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन पनीर खात होता. पारावरचा म्हातारा मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मला बघून तो गडबडीनं म्हणाला, 'कंच्या गावचं?' मग ओळख पटून हसला. 'बसा साहेब. मी कंडक्टर होतो, पीएमटीला. एकतीस वर्षं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना.' मी विचारलं, 'राहायला कुठं?' तर म्हणाला, 'कोथरूड.'

भिंतीवर टाइप केलेला कागद चिकटवला होता :

१०:४५ वासुदेव (बॅच १)
११:३० बैल पाणी
११:४० वासुदेव (बॅच २)
१:१५ आजोबा जेवण
४:०० गोंधळ

शेवटचा गोंधळ म्हणजे देवीचा, हे मला नंतर समजलं.

मालक तिथंच हिशेब लिहीत बसले होते. पन्नाशीचे, शेतकी पदवीधर. चोरी पकडली गेल्यासारखे वगैरे ते मुळीच दिसले नाहीत. उलट त्यांनी चहा मागवला. त्यांची तक्रार एकच, की ज्वारी ऐकत नाही. 'दाणा हुरड्याला जेमतेम आठवडाभर बरा असतो. त्याआधी पाणी, त्यानंतर निबर. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदम सगळं पेरत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतरानं एकेक तुकडा पेरतो. म्हणजे डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर रविवारी कुठला तरी तुकडा हुरड्यात असतो.' हुरड्याची वाणंही त्यांनी सांगितली. गुळभेंडी, सुरती. भाकरीला मालदांडी, ती हुरड्याला नाही. मी ऐकत होतो आणि मला जाणवत होतं की, दिवसभरात कोणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी शेतीबद्दल बोलतंय.

'सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण काढलं, तेव्हा सगळे विचारायला लागले. मी त्याच्या आधीपासून करतोय,' ते म्हणाले. 'कांदा केला, भाव पडला. डाळिंब केलं, तेल्या रोग आला. मग एका वर्षी पुण्याचे पाहुणे हुरड्याला आले. जाताना म्हणाले, असं कुठं विकत मिळत असेल तर आम्ही पैसे देऊ. मला रात्रभर झोप लागली नाही. काका, शेती पिकवून परवडत नाही, दाखवून परवडते.'

'मग आता निवांत असाल,' मी म्हणालो.

'निवांत कसला? पूर्वी आभाळाकडं बघायचो, आताही बघतो. पूर्वी पाऊस यावा म्हणून. आता शनिवार-रविवारी येऊ नये म्हणून. गेल्या वर्षी एका शनिवारी अवकाळी झाला, चार बसा रद्द. ज्वारी आडवी, बुकिंगही आडवं. शेतकऱ्याचं नुकसान झालं की पंचनाम्याला तलाठी येतो. पर्यटनाचं झालं की रिव्ह्यू येतो : चिखल होता.' त्यांनी मोबाइल उघडून दाखवला. एकानं पाचपैकी दोन तारे दिले होते. कारण लिहिलं होतं : 'शेतात माती खूप.'

मी विचारलं, 'पण हे सगळं खोटं वाटत नाही तुम्हाला? हा कंडक्टर, ही टोपी?'

ते जरा थांबले. 'खरा म्हातारा आहे की आमच्याकडं. माझे वडील. पारावर बसवलं होतं त्यांना पहिल्या वर्षी. पण ते लोकांना खरं सांगायचे. सोसायटीचं कर्ज, बोअर आटलं, पोराला मुलगी मिळेना. पाहुणे जेवायचे बंद व्हायचे. मग म्हटलं, आबा, तुम्ही घरी बसा.'

यावर मला काही बोलता आलं नाही. चहा संपवला आणि मांडवात परत आलो. सेक्रेटरी विचारत होते, 'कुठं होता? गोंधळ चुकला असता तुमचा.' मी टोपी सारखी केली.

परतताना सगळ्यांनी टोप्या टोपलीत टाकल्या. बसमध्ये अभिप्राय झाले. अनुभव अस्सल होता, यावर एकमत. पिठलं जरा तिखट, पाण्याच्या बाटल्या धरलेल्या नव्हत्या. पारावरच्या आजोबांचा सगळ्यांनी वेगळा उल्लेख केला. 'असा माणूस पुण्यात शोधून सापडणार नाही हो,' सेक्रेटरी म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर खरी शेतं होती. एक माणूस कांद्याला पाणी देत होता. त्याच्याकडं कोणी बघितलं नाही. तो फुकट होता.

घरी पोचतो तोच फोन वाजला. करमाळ्याकडचा मामेभाऊ. एरवी त्याचा फोन दिवाळीला येतो. 'दादा, तुझे फोटो बघितले टोपीतले. शोभतोस की!' मग इकडचं-तिकडचं बोलून तो मुद्द्यावर आला. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ते बघायला पुण्याची माणसं येतात, तर आपल्या शेतातही पुढच्या हंगामापासून हुरडा सुरू करायचा त्याचा विचार होता. विहिरीचं बांधकाम करून घेतलंय. वासुदेव ठरलाय. बैल बघायला चाललाय.

'उत्तम,' मी म्हणालो. 'पैसे हवेत का?'

'पैसे नकोत रे. एक म्हातारा पाहिजे. पारावर बसायला.'

मी गप्प.

'गावातले म्हातारे घेतले असते, पण ते कर्जाचं बोलतात. तू कसा, वाचलेला माणूस आहेस. लहानपणी गोफण मारलेली आहेस. मिशा तेवढ्या वाढव. धोतर नेसता येतं ना?'

'येतं.'

'मग झालं तर. शनिवार-रविवार. तीन महिने. यायला-जायला एसटी.'

बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. 'अहो, भाकरी मी थापणार नाही, आधीच सांगते,' ती म्हणाली. मी मात्र करमाळ्याच्या त्या माळ्यावर पोचलो होतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मी तिथं गेलो नव्हतो. मामा गेला तेव्हाही ऑडिट चाललं होतं. मामानं दर हंगामाला पोस्टकार्ड धाडलं, 'हुरड्याला ये', फुकट. तेव्हा जमलं नाही. आता नोकरी म्हणून बोलावणं आलं तर जमेल, असं दिसत होतं.

'हॅलो? दादा? काय म्हणतोस?'

खूप काही म्हणायचं होतं. पण चार पिढ्यांची सवय जिभेवर बसलेली.

'नाश्ता धरून ना?' मी विचारलं.